आधी तुम्ही, जावईबापू

बातमी आली तो दिवस अगदी साधासुधा रविवार होता. जावईबापू (हे नाव सासऱ्यांनी ठेवलं आणि बघता बघता शेजाऱ्यांपर्यंत गेलं) खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पाय पसरून नखं कापत होते. बायको फोन ठेवून बाहेर आली.

"बाबा येताहेत. पुढच्या आठवड्यात. चांगले राहणार आहेत."

जावईबापूंच्या हातून नेलकटर पडलं आणि त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

त्याला कारण होतं. सासरे आले की जेवणाच्या टेबलावर एकवीस नाणी मांडायचे. दोघांनी आळीपाळीनं उचलायची. एका वेळी एक, दोन किंवा तीन. शेवटचं नाणं ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. जिंकेल त्याला मुक्कामभर आरामखुर्ची, हरेल त्याला स्वयंपाकघरातलं स्टूल. आजवर जावईबापूंनी निष्ठेनं स्टूलच सांभाळलं होतं. (त्या स्टुलावर पेपर वाचताना पान उलटलं की माणूसही उलटतो.)

या वेळी मात्र त्यांनी ऑफिसातल्या कॅशियरला चहा पाजला आणि मन मोकळं केलं.

"सुरुवात कोण करतं?" कॅशियरनं विचारलं.

"मीच. बाबा दर वेळी म्हणतात, आधी तुम्ही, जावईबापू, पहिला मान तुमचा."

कॅशियर चहा सांडेपर्यंत हसला. "अहो, कसला मान! एकवीस नाण्यांत जो आधी उचलतो तो गेलाच. त्यानं एक उचललं की आपण तीन, त्यानं दोन की आपण दोन, त्यानं तीन की आपण एक. दर फेरीला चार जातात. शेवटचं नाणं त्याच्याच गळ्यात!"

इतक्या वर्षांचा आदर जावईबापूंनी चहाच्या एका घोटाबरोबर गिळला.

सासरे आले, हातपाय धुतले, नाणी मांडली. "आधी तुम्ही, जावईबापू."

"छे छे! आधी तुम्ही, बाबा. तुम्ही वडीलधारे."

सासऱ्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "असं म्हणता?"

"असंच म्हणतो."

"पण जावयाच्या आधी हात लावायचा म्हणजे..."

"आणि मी वडिलांच्या आधी लावायचा?"

एवढी नम्रता त्या घरानं कधी पाहिली नव्हती. जेवण निवलं. "कुणीतरी उचला हो एकदाचं!" बायको ओरडली आणि शेवटी तिनं दोघांच्या मांडीवर ताटं आणून दिली. जेवतानाही दोघं एकमेकांना आग्रह करतच होते, भाजीचा नव्हे, नाण्यांचा.

दुपार कलली. सासऱ्यांचा घसा सुकला. "जावईबापू, जरा पाणी देता?"

जावईबापू पाणी घेऊन आले तर सासरे एकदम विरघळलेले. "जाऊ दे. तुमचा शब्द मोडवत नाही. करतो मीच सुरुवात." आणि त्यांनी तीन नाणी उचलली.

जावईबापूंनी एक उचललं. सासऱ्यांनी तीन, जावईबापूंनी एक. पुन्हा तीन, पुन्हा एक. जावईबापू गालातल्या गालात हसू लागले. (टेबलावरची नाणी आधी मोजावीत, असं त्यांच्या मनातही आलं नाही. जिंकणारा माणूस मोजत बसत नाही.) आणखी तीन, आणखी एक. मग सासऱ्यांनी सावकाश तीन उचलली आणि मागे टेकले.

टेबलावर एकच नाणं उरलं होतं. पाळी जावईबापूंची होती.

"उचला," सासरे म्हणाले. "आता तरी आधी तुम्ही."

"पण... एकवीस होती! एक कुठं गेलं?"

"टेबलाच्या पायाखाली," बायको म्हणाली. "तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा बाबा म्हणाले, फार डुगडुगतंय गं, यातलंच एक सरकव खाली. वर्षभर कानीकपाळी ओरडतेय मी, तो पाय नीट करून घ्या, करून घ्या! ऐकलं असतं तर आज खुर्चीत असता."

खुर्चीत आता सासरे होते. पाय पसरून त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडे नेलकटर कुठं असतं हो?"

निघताना ते म्हणाले, "पुढच्या खेपेला सुरुवात कुणी करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवू." जावईबापूंनी त्या खेपेसाठी वीस नाण्यांचाही डाव पाठ करून ठेवला. पण थंडीत एकदा फोन आला तो सासऱ्यांच्या शेजाऱ्यांचा होता, आणि पुढची खेप झाली नाही.

आरामखुर्ची आता जावईबापूंचीच आहे, बिनविरोध. पेपर मात्र ते स्टुलावर बसून वाचतात, आणि अजूनही पडतात. बायको हल्ली टेबलाचा विषय काढत नाही. टेबल डुगडुगतही नाही.

त्याचा पाय करून घ्यायचा राहिला आहे.