रहांगडाले काकांची जर्मनी लाइन

रहांगडाले काका कम्प्युटरसमोर बसले की आधी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात आणि मग घरात मराठी बोलायला बंदी घालतात.

"त्याले आवाज गेला का समजते, आपण फुलचूरचे आहो!"

'तो' म्हणजे जर्मनीतल्या एका किराणा दुकानाची वेबसाइट. काकांची मुलगी, वर्षाताई, जर्मनीत राहते आणि तिथून सामान घेते. काका ते दुकान उघडतात आणि पान गर्रकन वळून त्याच दुकानाच्या भारतातल्या पानावर येतं. काका गोंदिया जंक्शनला पॉइंट्समन होते, त्यामुळे हा अपमान त्यांना फारच लागला.

"जिंदगीभर गाड्या मी वळवल्या. आता माही गाडी कोण वळवून राहिला बे?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणून गल्लीचा समज असा, की कम्प्युटरचं मला सगळं येतं. येत नाही हे सांगायचा धीर होत नाही.

मी बिचकतच पानाच्या तळाशी गेलो आणि देशांच्या यादीतून जर्मनी निवडली. लागलं! काकांनी रुमाल काढून हिरव्या झेंडीसारखा हलवला. पेढे नव्हते म्हणून काकूंनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा भारतात. मी पुन्हा जर्मनी निवडली, तर त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

"तुह्या कॉलेजात काय शिकवून राहिले?" काका म्हणाले.

शेवटी मी विचारलं, "काका, पाहून झाल्यावर तुम्ही नेमकं करता काय?"

"करतो काय म्हणजे? सगळं पुसून टाकतो. ड्यूटी सोडताना केबिन साफ पायजे."

म्हणजे काका रोज संध्याकाळी ब्राउझरमधल्या सगळ्या नोंदी धुऊन काढत होते, आणि त्या पाण्याबरोबर आम्ही निवडलेली जर्मनीही वाहून जात होती.

"पण काका, एवढं पाहायचं काय आहे तिथं?"

काका कुजबुजले, "वर्षा म्हणते, बाबा, इथं सगळं भेटते, तुम्ही काही पाठवू नका. मले पाहाचं आहे, चिन्नोर भेटते का."

चिन्नोर हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ. शिजला की शेजाऱ्याला कळतं.

पुसणं बंद झालं आणि पान जर्मनीतच थांबलं. आम्ही तांदूळ शोधला. बासमती निघाला, आणखी कसले कसले निघाले. चिन्नोर नव्हता. काका खुर्चीतून उडालेच.

"नाही भेटत! अवं, ऐकलं का? पोरीले तिथं चिन्नोर भेटतच नाही!"

काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. मराठीबंदी विसरून दोघं एकदम बोलायला लागले. कोठी उघडली, पिशवी निघाली, ती शिवायला दाभण कुठे आहे यावर भांडणही झालं.

तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकट आली. मी काकांना सांगितलं, "ते विचारतंय, तुम्ही भारतात दिसता, भारताच्या पानावर जायचं का?"

काका परत येऊन बसले. कॅमेऱ्यावरची पट्टी त्यांनी हळूच काढली.

"नाही म्हण त्याले," ते म्हणाले. "थोडा वेळ पोरीच्या गावात बसू दे म्हणा."