मर्विनने न बघितलेला गडी

मर्विन टॅगार्टने त्या पोराकडे बघितलं नाही, आणि त्याने बघितलं नाही हे लेलंड प्रुइटने बघितलं. पुढचा सगळा घोळ एवढ्यावरून झाला.

दोघेही डुलूथ लंबरजॅक्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे पारखी. वर्षभर गाडीने गावोगाव हिंडायचं, कॉलेजांच्या मैदानांवर उभं राहून पोरं जोखायची, आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट आला, म्हणजे सगळे संघ आळीपाळीने पोरं उचलायला बसले, की कोणाला उचलायचं ते साहेबांच्या कानात सांगायचं. दोघांचा हातखंडाही एकच, बचावाची पहिली फळी. चेंडू हलला रे हलला की समोरच्या धिप्पाड गड्याला बाजूला सारून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जाऊन आदळणारे तीनशे पौंडी पैलवान. अशा पोराचे हात किती लांब, पंजा केवढा, पहिलं पाऊल किती चपळ आणि मुख्य म्हणजे बूड किती जड, हे लेलंड लांबून सांगायचा. बूड जड असेल तर गडी जागचा ढळत नाही, हे या धंद्यातलं बाळकडू.

पण नाव व्हायचं ते मर्विनचं. मर्विनने शोधलेल्या पोरांचे फोटो कचेरीच्या भिंतीवर लागले होते. लेलंडला पाणी प्यायला जायचं तरी त्यांच्यापुढून जावं लागे. शिवाय कुठल्याही गावच्या खाणावळीत मर्विनच्या ताटात बेकनची एक पट्टी जास्त पडायची आणि वाढणारी बाई त्याला नावाने हाक मारायची. लेलंडला ती ‘तुमचं काय?’ एवढंच विचारायची. मर्विनला रक्तदाब निघाला तेव्हासुद्धा त्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा का, म्हणून लेलंड दिवसभर धुमसत होता.

“तुझं लग्न माझ्याशी झालंय की मर्विनशी?” त्याची बायको नोरीन म्हणायची. “उठल्यासुटल्या त्याचंच नाव! एकदा त्याला जेवायलाच बोलाव, म्हणजे मी तरी बघते काय सोनं लागलंय ते.”

“बोलावलं असतं. पण तू त्याला जास्त वाढशील.”

त्या वर्षी तर प्रकरण हातघाईवर आलं होतं. पारख्यांचे प्रमुख निवृत्त होत होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी हे दोघंच उरले होते. संघाचे सर्वेसर्वा गस लिंडक्विस्ट यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “ड्राफ्ट होऊ दे. ज्याची नजर खरी ठरेल, त्याची खुर्ची.” लेलंडची जन्मभराची इच्छा त्या खुर्चीत बसण्याची होती. आणि मर्विन तिच्यात बसू नये ही इच्छा तर त्याहून जुनी.

अशात मार्च महिन्यात आर्कान्सामधल्या एका कॉलेजात पोरांची चाचणी होती. निरनिराळ्या संघांचे पारखी टोप्या घालून मैदानाच्या कडेला उभे होते. फळीतली पोरं दोन रांगांत कवायती करत होती, एक रांग डावीकडे, एक उजवीकडे. लेलंड सवयीप्रमाणे पोरं बघायच्या आधी मर्विनला बघत होता.

आता या धंद्याची एक रीत आहे. जे पोर मनात भरलं त्याच्याकडे बघायचं नाही. गुरांच्या बाजारात मुरलेला माणूस हव्या त्या गाईकडे पाठ करतो आणि भलत्याच गाईचे दात मोजतो, तसंच. तुम्ही एखाद्याकडे टक लावलीत की शेजारच्या संघाचा पारखी तुमच्या डोळ्यांचा माग काढत जातो आणि ड्राफ्टला तुमच्या आधी त्याला उचलतो.

आणि मर्विन उजव्या रांगेकडे ढुंकूनही बघत नव्हता. अवघडून, ताठ उभा होता बेटा. शिट्टी वाजली, उजवीकडून आरडाओरडा झाला, तरी त्याची मान तसूभर हलली नाही.

लेलंड सावध झाला. इतक्या निग्रहाने माणूस तेव्हाच बघत नाही, जेव्हा बघण्यासारखं काहीतरी असतं! त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून उजवी रांग चाचपली. तिथे नाव घेण्यासारखा देह एकच होता, चौऱ्याण्णव नंबरचा टोबायस लेडबेटर. उंच, रुंद, आणि बूड असं की दोन खुर्च्या लागाव्यात.

‘सापडलास चोरा,’ लेलंड मनात म्हणाला. ‘गुपचूप हे रत्न पळवणार आणि खुर्चीत बसणार होय?’ आणि बाकीच्यांना पत्ता लागू नये म्हणून त्यानेही तात्काळ टोबायसकडे पाठ फिरवली.

पलीकडे बॉयसी ट्रॅपर्सचा पारखी ओटिस बर्डसॉल उभा होता. डुलूथचे दोन्ही म्हातारे एकाच पोराकडे बघत नाहीत म्हटल्यावर त्याचे कान टवकारले. तो पुटपुटला, “अस्सं!” आणि त्यानेही पाठ केली. त्याची पाठ त्याच्या शेजाऱ्याने पाहिली, शेजाऱ्याची पुढच्याने. बघता बघता सगळे टोपीवाले एका दिशेला तोंड करून उभे राहिले. समोर नुसता पार्किंगचा तळ होता, आणि त्यात एक पिवळी बस. सगळे त्या बसचं मोठ्या बारकाईने निरीक्षण करू लागले.

इकडे बिचाऱ्या टोबायसला त्या सगळ्या पाठी दिसल्या. आपण इतके वाईट खेळतोय की काय? तो आणखी जोर लावू लागला. आणि मग मैदानावर धाडकन असा आवाज झाला की पायांखालची जमीन हादरली. मागोमाग पत्र्याचं काहीतरी गडगडत गेलं. कोणीतरी किंचाळलं.

एकाही पारख्याने वळून बघितलं नाही. बघावंसं प्रत्येकाला वाटत होतं, ओटिसच्या तर मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पण पहिल्यांदा वळणार तो गाढव, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“काय आवाज होता!” ओटिस बसकडे बघत हळूच म्हणाला.

“कसला आवाज?” लेलंड म्हणाला. “मी नाही ऐकला.”

एवढ्यात प्रेक्षकांतून एक बाई तरातरा खाली आल्या. टोबायसची आई, व्हर्लीन लेडबेटर. शाळेच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक करायच्या. पाचशे पोरांना एका हाकेत रांगेत उभं करायची त्यांना सवय होती.

“काय हो टोपीवाले!” त्या कडाडल्या. “लाजा आहेत का तुम्हाला? माझं लेकरू सकाळपासून जीव तोडून धावतंय, आणि तुम्ही सगळे मिळून बस बघताय? आमच्या गावात या, मी बसमध्ये बसवून फिरवते तुम्हाला!”

“मॅडम, तसं नाही...” ओटिस चाचरला.

“मग कसं? बुटाच्या नाडीत पाय अडकून पडलं ते पोर! पाण्याच्या पिंपावर आदळलं! एकाने तरी विचारलं का, बाबा लागलं का म्हणून? मान वळवायला काय पैसे पडतात?”

कोणाच्याही साध्या डोक्यात एवढ्यावर प्रकाश पडला असता. पण मत्सराने जळणाऱ्या डोक्यात धूरच फार. ‘नाडीत पाय अडकून म्हणे!’ लेलंडने विचार केला. ‘आईलासुद्धा पढवून ठेवलंय मर्विनने. पोराला नावं ठेवा, म्हणजे बाकीचे सोडून देतील. काय पोचलेला माणूस आहे!’ आणि त्याने मर्विनकडे असा जळजळीत कटाक्ष टाकला की मर्विनने बिचाऱ्याने कसनुसं हसून हात हलवला.

आठवड्याने डुलूथला बैठक भरली. भिंतीवरच्या फळ्यावर पोरांच्या नावाच्या पट्ट्या लावल्या होत्या. लेलंडने टोबायसची पट्टी तळातून उचलली आणि टेबलावर मूठ आपटली.

“गस, हा गडी तिसऱ्या फेरीत घ्यायचाच.”

“तिसऱ्या? इतक्या लवकर?” गस चष्म्यावरून बघत म्हणाले. “अरे, याचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकतोय. काय आहे त्याच्यात?”

इथे लेलंडची पंचाईत झाली. त्याने बघितली होती ती फक्त बस. “आवाज,” तो म्हणाला. “गस, तो आदळतो तेव्हा असा आवाज येतो की माझ्या दाताची फिलिंग हलली. मी एवढी वर्षं या धंद्यात आहे, असा आवाज ऐकला नाही.”

“मर्विन, तुझं काय म्हणणं?”

मर्विन अवघडला. “मी त्या पोराबद्दल काही न बोललेलंच बरं.”

“बघा!” लेलंड जवळजवळ ओरडलाच. “बघा, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीये! अहो, बाकीचे सगळे संघ त्याच्या मागे आहेत. त्या दिवशी मैदानावर एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता, एकही!”

गस लिंडक्विस्टही एके काळी पारखीच होते. एकही माणूस बघत नव्हता म्हटल्यावर ते खुर्चीत सावरून बसले. “एकसुद्धा नाही?”

“एकसुद्धा नाही. आणि हा पोरगा कुचकामी निघाला, तर ती खुर्ची मर्विनला द्या. मी स्वतः उचलून देईन.”

गसनी टोबायसची पट्टी तिसऱ्या फेरीत चिकटवली. लेलंड बाहेर पडला तो हवेत तरंगत. पार्किंगमध्ये मर्विन गाडीपाशी उभा होता. आज लेलंडला त्याच्याशी बोलायची फार हौस आली होती.

“काय रे मर्विन, कसा हाणून पाडला तुझा डाव?”

“कसला डाव?”

“सोंगं पुरे. त्या लेडबेटरकडे तू मुद्दाम बघत नव्हतास. मला कळत नाही वाटतं?”

“मुद्दाम?” मर्विन म्हणाला. “अरे बाबा, त्या मोटेलमधली उशी होती की वीट कोण जाणे. सकाळी उठलो तर मान धरलेली! उजवीकडे वळेच ना. डावीकडची पोरं बघितली, म्हटलं उजवीकडची नंतर फिल्मवर बघू. न बघितलेल्या पोराबद्दल मी बैठकीत काय बोलणार? तुला न्याहारीच्या वेळी सांगणारच होतो, जरा मान चोळून दे म्हणून. पण तू लांबच्या टेबलावर जाऊन बसलास.”

लेलंड तिथल्या तिथे गाडीच्या बॉनेटला टेकला.

“पण तू तरी बघितलंस ना नीट?” मर्विनने आपुलकीने विचारलं. “मग झालं तर. तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे.”

हे ऐकून तर लेलंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच वर कचेरीत गेला आणि टोबायस लेडबेटरची फिल्म लावून त्याने त्या पोराला पहिल्यांदा डोळे भरून बघितलं. पोरगा गुणी होता. शेवटच्या शिट्टीपर्यंत धावायचा, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवायचा. एवढंच, की चेंडू हलला तरी हा हलायचा नाही. चेंडू हलला, हे त्याला कोणीतरी येऊन सांगावं लागेल असं वाटायचं. मग तो सावकाश, सरळ उभा राहायचा, आणि त्याच्या अर्ध्या बुडाचा समोरचा गडी त्याला कपाटासारखा ढकलत मागे न्यायचा. लेलंडने फिल्म पुन्हा लावून बघितली. कपाट तेवढंच मागे गेलं.

“साहेबांना सांगून टाक ना, चुकलं म्हणून,” नोरीन घरी म्हणाली.

“काय सांगू? पोरगा बघितला नाही, मर्विनची मान बघितली?”

“मग देव बघेल.”

लेलंड एरवी देवाला फक्त नाताळात त्रास द्यायचा. आता तो रोज चर्चमध्ये जाऊन बसू लागला. ‘त्या पोराला दुसऱ्या कोणीतरी उचलू दे. कोणीही. खुर्ची मला मिळू दे, मर्विनला मिळू नये, आणि त्या मुलाचंही भलं होऊ दे.’ शेवटचं वाक्य त्याने देवाला बरं वाटावं म्हणून जोडलं होतं.

ड्राफ्टचा दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत टीव्ही चालू होता. मधोमध एका टेबलावर संघाच्या रंगांचा केक ठेवला होता. तिसरी फेरी सुरू झाली. डुलूथच्या आधी बॉयसीचा नंबर होता. गसनी फोन हातात घेतला. “बॉयसीवाल्यांचं झालं की आपण लेडबेटर. ठरलं.”

लेलंडने डोळे मिटून देवाची पुन्हा आठवण केली. त्याला ती खुर्ची मर्विनखाली करकरताना स्पष्ट ऐकू येत होती. टीव्हीवर एक गृहस्थ कागद घेऊन पुढे आले.

“बॉयसी ट्रॅपर्सची निवड,” त्यांनी वाचलं, “टोबायस लेडबेटर!”

गसनी हातातला फोन टेबलावर आदळला. “गेला! आपल्या तोंडातला घास नेला! लेलंड, तू बरोबर होतास. सगळे टपूनच बसले होते.” ते लेलंडपाशी आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “अशी नजर पाहिजे माणसाला. खुर्ची तुझी. आजपासून.”

टाळ्या झाल्या. देवाने मागितलेलं सगळं एका दमात देऊन टाकलं होतं. मर्विन स्वतः पुढे आला, दोन्ही हातांनी त्याने लेलंडचा हात धरला. “मनापासून सांगतो, तुझाच हक्क होता.” त्याच्या आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता. कोणीतरी केकचा मोठ्यातला मोठा तुकडा कापून लेलंडच्या हातात दिला.

लेलंडचं लक्ष टीव्हीकडे होतं. लेडबेटरांच्या घरी टोबायस आईच्या गळ्यात पडून रडत होता, आणि आई त्याच्या पाठीवर धपाटे घालत रडत होती. मग बॉयसीची खोली दाखवली. तिथे ओटिस बर्डसॉलला लोकांनी खांद्यावर उचललं होतं. ओटिस दोन्ही हात वर करून नाचत होता.

लेलंड ओटिसच्या त्या नाचाकडे बघत राहिला. त्याने केकची बशी खाली ठेवली.

“मर्विन,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “ओटिसने काय बघितलं असेल रे त्याच्यात?”

“तू बघितलंस तेच असणार.”

“छे!” लेलंड टीव्हीच्या आणखी जवळ गेला. “एवढा नाचतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. आपला पोरगा होता तो, मर्विन! दिवसाढवळ्या चोरला आपला!”