ब्राझीलचं झाड

नेनेकाका नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत, बदली विचारत. माझ्या नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, ट्रंका अजून दारातच होत्या, आणि शेजारच्या क्वार्टरमधले हे गृहस्थ मफलर गुंडाळून हजर! "सूनबाई, पुढची बदली कधी?"

अहो, आत्ताच तर पाय टेकतोय! यांनी सांगितलं, तीन वर्षं तरी नाही. काकांचा चेहरा खुलला. "मग रविवारी संशोधकांच्या बागेत चला."

बराकपूरच्या पुढे, गंगेकाठी एका नामांकित संशोधकाचा हिवाळी बंगला होता. थंडी पडली की ते यंत्रं नि देशोदेशीची रोपं घेऊन तिथे राहायला येत. त्यांच्या माघारी तो लोकांना पाहायला खुला झाला होता. सियालदहहून गाडीनं गेलो. काकांनी फाटकातच चपला काढल्या. "हळू बोला, झाडं उन्हाला बसलीत." धुकं विरत होतं. नदीतली होडी चाललीय की थांबलीय, तेही कळत नव्हतं. मीसुद्धा कुजबुजायला लागले. मी, म्हणजे बघा!

बंगला काकांनी उभ्या उभ्या उरकला. "हे यंत्र. ही त्यांची खुर्ची. चला." बागेत मात्र एका झाडापाशी त्यांचा पाय निघेना. त्यावर 'ब्राझील' अशी पाटी होती. म्हातारा माळी ऐटीत म्हणाला, "साहब खुद ब्राझील से लाये थे."

"वा! काय दृष्टी!" काकांनी मान डोलावली.

मी रत्नागिरीची. पान तोडून चावलं, तर आंबट! "काका, कसलं डोंबलाचं ब्राझील? हा तर आपला रातांबा, कोकमाचं झाड!"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. माळी लांब गेल्यावर म्हणाले, "आमच्या हिनं लावलाय. माहेरहून रोप आणलं, पण क्वार्टरला अंगण कुठलं? पदराआड लपवून इथे आणलं. पाटी मागाहून कुणी लावली, देव जाणे. मी गप्प बसलो. खरं कळलं तर उपटतील हो."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"एकटं आहे, फळ धरत नाही. पण पान आंबट आहे ना?"

"आहे हो काका," म्हणत मी आणखी एक पान चावलं.

"मार्चात रिटायर होतोय. पुतण्या पुण्याला नेतोय. तुम्ही याल ना अधूनमधून? नुसतं बघायला. तिला एकटं करमत नाही."

मी जात राहिले. मग आमचीही ऑर्डर आली, ठरल्याच्या आधीच. त्याच आठवड्यात काकांच्या क्वार्टरमध्ये नागपूरचं एक जोडपं उतरलं. मी चहा घेऊन गेले. कप त्यांच्या हातात द्यायच्या आधीच तोंडून निघून गेलं, "तुमची पुढची बदली कधी?"