खडकमाळची चाळीस मिनिटं

कासारपेठ प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या डेटाबेसमधली पाणीवाटपाची प्रोसिजर सोमवारी पहाटे पाच वाजता चालली नाही, आणि ऑफिस उघडलं तेव्हा ती निवृत्ती भोईट्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसलेली होती.

भोईट्यांनी तिला लगेच ओळखलं. योजनेच्या संगणक विभागात बावीस वर्षं ते एकटेच होते. डेटाबेसमधल्या दोनशे अकरा प्रोसिजर त्यांना नावानिशी पाठ होत्या. प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या पोटात ठेवलेला लहानसा प्रोग्रॅम. हाक मारली की उठतो, काम करतो, उत्तर देतो आणि पुन्हा निजतो. बाकीच्या दोनशे दहा डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या होत्या. ही एकटी दुसऱ्याच भाषेत, बाहेर तयार होऊन आत आलेली. एकोणीस वर्षांपूर्वी बाहेरच्या कंपनीतल्या मोघे नावाच्या प्रोग्रॅमरने तिला आणलं होतं, कारण धरणावरच्या पातळीची फाइल वाचायला रोज पहाटे डेटाबेसच्या बाहेर जाणं भाग होतं. तशी तिला लेखी परवानगी होती. फाइल वाचून ती तेवीस गावांचं वेळापत्रक काढायची आणि ते जलवाहिनीचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या चावीवाल्यांच्या फोनवर जायचं.

भोईट्यांनी डबा कपाटात ठेवला, चष्मा पुसला आणि ते बसले.

"काय झालं?"

"मला असुरक्षित म्हटलंय," प्रोसिजर म्हणाली.

भोईट्यांना आठवलं. रविवारी त्यांनी डेटाबेसची नवी आवृत्ती चढवली होती. नव्या नियमाप्रमाणे बाहेरून आलेला प्रत्येक कोड असुरक्षित समजला जाई, जोवर कोणी जबाबदार माणूस त्याच्यासाठी सही करत नाही तोवर.

"ते तुम्हाला एकटीला नाही म्हटलेलं. बाहेरून आलेल्या सगळ्यांनाच आहे."

"बाहेरून आलेली मी एकटीच आहे, साहेब."

भोईट्यांनी रीतीप्रमाणे एकेक गोष्ट करून पाहिली. परकी भाषा चालू ठेवायचा खटका चालूच होता. डेटाबेसची मालकी कोणाच्या नावावर आहे ते तपासलं, ती बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या नावावर होती, ती त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली. शेवटी सर्व्हर बंद करून चालू केला. प्रोसिजर तेवढ्यापुरती खुर्चीवरून उठली आणि परत बसली.

"आणखी एकदा करू का?" भोईट्यांनी विचारलं.

"करा. पण गुडघे दुखतात."

त्यांनी केला नाही.

दुपारी उपअभियंता जाखडे मॅडम आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग भोईट्यांकडे.

"हिला आत कधी पाठवणार?"

"जामीन राहणाऱ्याची सही लागेल, मॅडम. तिच्या पोटात काय आहे हे माहीत असलेल्या माणसाची."

"मग तुम्ही करा ना."

"मूळ कोड आपल्याकडे नाही. मोघेंनी सीडी दिली होती, ती २०११ च्या वाळवीत गेली."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "तोवर सूत्र लावून हातानं काढा वेळापत्रक. सूत्र आहे ना?"

सूत्र होतं, मंजूर होतं, फायलीत होतं. माणशी लिटर, जलवाहिनीचा व्यास, तास. भोईट्यांनी संध्याकाळपर्यंत बसून तेवीस गावांचं वेळापत्रक काढलं आणि चावीवाल्यांना पाठवलं. प्रोसिजर समोर बसून पाहत होती. एकदा तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी भोईटे राहत होते त्या जलसेवक कॉलनीत भरपूर पाणी आलं. वरची टाकी भरून वाहिली. विजयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गच्चीवरून हाक मारून सांगितलं. कॉलनीत वरच्या टाकीत पाणी चढायचं नाही ही एकोणीस वर्षांची तक्रार होती, आणि दर वर्षी भोईटेच तो अर्ज लिहून देत.

ऑफिसला पोचले तर फोन वाजत होता.

"साहेब, मी लता घोलप. खडकमाळची अंगणवाडी सेविका. काल काय केलंत?"

"का? एक तास पाणी दिलंय तुम्हाला."

"पाणी कुठलं? हवा दिलीत. चाळीस मिनटं नळ नुसता सुसू करतोय. मग वीस मिनटं पाणी. बासष्ट घरं आहेत, साहेब. बाया आपसात भांडल्या, एकीचा हात पिरगळला. आज पोरांची खिचडी नाही शिजवली मी."

"आधी किती वेळ यायचं?"

"शंभर मिनटं. तुम्हाला माहीत नाही?"

भोईट्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि समोर पाहिलं.

"खडकमाळला तुम्ही शंभर मिनिटं देत होता?"

"होय."

"सूत्रात साठच बसतात."

"सूत्र पाणी मोजतं. खडकमाळ शेवटच्या टोकाला आणि चढावर आहे. आधी नळातली हवा निघते. त्याला चाळीस मिनिटं लागतात."

"हे तुमच्यात मोघेंनी लिहिलं होतं?"

"नाही. मला बाहेर जायची परवानगी होती. फाइल वाचून झाली की थोडा वेळ उरायचा. मी पुढं जाऊन बघून यायचे."

भोईट्यांनी कालचं वेळापत्रक पुढे ओढून खडकमाळच्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि ही चाळीस मिनिटं आणायचात कुठून?"

"जलसेवक कॉलनीतून."

तिने ते काही लपवायच्या सुरात सांगितलं नाही, आणि सुनावायच्याही नाही. त्यांनी डबा उघडला. अकरासुद्धा वाजले नव्हते.

मोघे निवृत्त होऊन इचलकरंजीला मुलीकडे राहत होते. त्यांचा नंबर मिळवण्यात दुपार गेली.

"ती?" मोघे फोनवर म्हणाले. "अजून चालते ती? अहो, चार दिवसांत लिहिली होती मी. गणपतीच्या सुट्टीला घरी जायचं होतं."

"जामीन म्हणून सही कराल का?"

"चार दिवसांपुरती करीन. पुढच्या एकोणीस वर्षांत ती काय शिकली ते मला कसं ठाऊक? बरी आहे ना ती?"

"समोरच बसलीय. बोलता?"

"नको," मोघे म्हणाले. "काय बोलणार?"

जाखडे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्याही जलसेवक कॉलनीतच राहत, भोईट्यांच्या वरच्या मजल्यावर.

"म्हणजे बिघाड कालचा नाही," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचा आहे. मंजुरीशिवाय चाळीस मिनिटं फिरवली. भोईटे, ही रद्द करा. आपल्या साध्या भाषेत नवी लिहा, सूत्राप्रमाणे. किती वेळ लागेल?"

"एक दिवस."

"मग झालं तर."

खरंच झालं असतं. नव्या प्रोसिजरला बाहेर जायची गरज नव्हती, पातळीची फाइल आता आपोआप आत येई. सही नको, जामीन नको. भोईट्यांना निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि संध्याकाळी पाय सुजत. अडीच वर्षं टाकी भरून वाहिली असती.

"स्थळपाहणी करावी लागेल," ते म्हणाले. आपण असं का म्हटलं, हे त्यांना जिना उतरतानाही कळलं नाही.

बुधवारी जीप मंत्र्यांच्या दौऱ्यावर होती, म्हणून ते एसटीने निघाले. कंडक्टरने त्यांच्याकडे आणि शेजारी पाहिलं.

"एक फुल, एक महिला?"

"मी एकोणीस वर्षांची आहे," प्रोसिजर म्हणाली. "चालेल?"

"बाईमाणसाला वयाची अट नाही," कंडक्टर म्हणाला आणि त्याने अर्धं तिकीट दिलं.

खडकमाळला नळाच्या कट्ट्यापाशी घागरींची रांग लागली होती. लताबाई घोलप पदर खोचून पुढे आल्या. हात पिरगळलेली बाई कडेला बसली होती, मनगटाला हळदीचा लेप. खाली वळणावर चावीवाला इक्बाल तांबोळी होता. त्याने चावी फिरवली आणि हात वर केला.

नळातून हवा येऊ लागली. भोईट्यांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं बायका बोलत होत्या, मग बोलेनाशा झाल्या. पंधरा मिनिटांनी भोईटे कट्ट्यावर टेकले. एका म्हातारीने विचारलं, "ही कोण तुमच्यासंगं?"

"वेळापत्रक काढणाऱ्या," भोईटे म्हणाले.

"होय का," म्हातारी म्हणाली आणि तिने सरकून जागा दिली. प्रोसिजर तिच्या शेजारी बसली. दोघी नळाकडे पाहत राहिल्या.

एकेचाळिसाव्या मिनिटाला नळ खोकला आणि तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. एक तास पुरा झाला तेव्हा बावीस घागरी भरल्या होत्या. खाली इक्बालने चावीला हात घातला आणि वर पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी भोईट्यांकडे पाहिलं.

त्यांनी इक्बालला हाताने थांब म्हणून खूण केली. मग पिशवीतून जामीनपत्र काढलं, घागर बाजूला सरकवून ते कट्ट्यावर पसरलं आणि लिहिलं: 'या प्रोसिजरच्या पोटात काय आहे ते मी पाहिले आहे.' खाली सही केली. कागदाचा कोपरा भिजला.

"साहेब, तुमच्याकडचं पाणी जाईल," प्रोसिजर म्हणाली.

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी जाखडे मॅडमनी जामीनपत्र तीनदा वाचलं. नियमात बसत होतं. त्यांनी एकच अट घातली, की यापुढे बाहेर जाताना प्रोसिजरने हालचाल नोंदवहीत नोंद करावी. प्रोसिजर हो म्हणाली, खुर्ची टेबलाखाली सरकवून आत गेली. शुक्रवारी पहाटे पाचच्या ठोक्याला वेळापत्रक निघालं.

त्याच सकाळी कॉलनीतला नळ मध्येच बंद पडला. विजयाबाई रिकामी बादली घेऊन दारात आल्या.

"तीन दिवस किती छान येत होतं. परत कोणी तोडलं?"

"मी," भोईटे म्हणाले. "सही केली."

विजयाबाईंनी चिडायला तोंड उघडलं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्या दाराच्या उंबऱ्यावरच बसल्या.

"मग आता किती वाजता येणार?"

"पावणेसहाला खालच्या नळाला येतं. पंधरा मिनिटं. वर चढवायच्या नादी लागू नका म्हणाली."

"कोण म्हणाली?"

"प्रोसिजर."

"बरं," विजयाबाई म्हणाल्या. "तिला विचारा, रविवारीसुद्धा पावणेसहालाच का?"