इंदूआत्याचं चुन्याचं स्वयंपाकघर

आमची इंदूआत्या कुणाच्याही घरी गेली की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरते, ओट्यापुढं उभी राहते, डोळे गच्च मिटते आणि मिठाच्या डब्यासाठी हात पुढं करते. हाताला मीठ लागलं तर ती बसते, चहा घेते, पोराबाळांची चौकशी करते. नाही लागलं तर चहा न घेता उठते. तुम्ही कितीही आग्रह करा, ती काही ऐकत नाही.

वेल्ह्यात एका कंत्राटदारानं नवं घर बांधलं होतं. स्वयंपाकघर इतकं चकचकीत की कपाटाच्या दारात बघून भांग पाडावा. आत्या वास्तुशांतीला गेली, डोळे मिटले आणि तिचा हात भांडी घासायच्या पावडरीत गेला. झालं! "पूजा झ्याक झाली," असं म्हणून बाई जेवणाच्या ताटावरून उठली की हो! मालकीणबाईंनी पुढचे कितीतरी दिवस डबे इकडचे तिकडं केले आणि शेवटी निरोप धाडला, आत्या, आता एकदा या. मला आधी हसू आलं, मग जरा धसकाच बसला. एवढीशी बाई, नऊवारीत गुंडाळलेली, पाली गावात राहणारी, आणि अख्ख्या तालुक्यातल्या बायका तिच्या मिटलेल्या डोळ्यांना घाबरतात.

इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिला राजगडाच्या पायथ्याशी, पालीला दिली. शनिवारी-रविवारी गडावर जाणारी मंडळी तिच्या पडवीत पिठलं-भाकरी खातात. तिचे मालक, म्हणजे आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक पोरगी सारोळ्याला नांदते. आत्या एकटीच असते, पण तसं म्हटलेलं तिला खपत नाही. "येकटी कशानं? गडावर रीघ लागलीया न्हवं?" म्हणते.

तिला स्वयंपाकघरांचा नाद लागला तो पानशेतमुळं. तिथं पुण्याच्या एका जोडप्याचा बंगला आहे. त्यांच्या पाहुण्यांना चुलीवरचं जेवण करून घालायला आत्या गेली आणि परत आली ती वेगळीच बाई होऊन. त्या बंगल्यातलं स्वयंपाकघर होतं शेकर पद्धतीचं. म्हणजे काय, तर कपाटाच्या दाराला साधी लाकडी चौकट आणि मधे सपाट फळी. नक्षी नाही, चकाकी नाही, उघडायला एक लाकडी गोल बोंडी, आणि भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्यांची पट्टी. बंगल्यातल्या बाईंनी सांगितलं की परदेशात शेकर नावाची साधेपणानं राहणारी माणसं होती, त्यांची ही रीत. काम झालं की ती खुर्चीसुद्धा खुंटीला टांगायची, म्हणजे खालून झाडू मारता येतो.

"खुर्ची!" आत्या आम्हाला सांगताना अजून थक्क होती. "संज्या, खुर्ची टांगत्यात रं खुंटीला! अन् लगीनच करत न्हाईत म्हनं. म्हनून येवढं जमतंय."

घरी येऊन तिनं आपली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टांगली. पहिल्याच रविवारी ती एका गिर्यारोहकाच्या डोक्यात पडली. तो बिचारा गडावर धडधाकट जाऊन आला होता. आत्यानं त्याला हळद लावली, दोन भाकऱ्या जास्त वाढल्या आणि खुंटी बदलली. खुर्ची मात्र आजही टांगलेलीच आहे.

आता आमच्या घराकडं येतो. मी भोरला एका पतसंस्थेत कारकून. घरी आई, बायको मेघना आणि चौथीतली मुलगी स्वरा. आमचं स्वयंपाकघर बोळासारखं. एकीनं वळायचं तर दुसरीनं श्वास आत घ्यायचा. आई आणि मेघना दोघी गुणाच्या, पण त्या बोळात दोघींची रोज ठिणगी उडायची. डबा कुणी हलवला, झारा कुणी नेला, तवा कुणाच्या आड आला. एक दिवस आईनं शांतपणे सांगितलं, "मला मागच्या खोलीत येक शेगडी मांडून दे. माजं मी शिजवून खाईन."

 घरात दुसरी शेगडी मांडली की चूल वेगळी झाली, आणि चूल वेगळी झाली की पुढं काय होतं ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. मेघना रडली. म्हणाली, "मला त्या जायला नकोयत. मला फक्त जागा हवीय." मागचं अंगण आत घेऊन मोठं स्वयंपाकघर करायचं ठरलं. मेघनानं मोबाईलवर फोटो काढून ठेवलेच होते, आणि योगायोग बघा, सगळे शेकर पद्धतीचे! मी आत्याला फोन केला. आईनं वेगळी शेगडी मागितल्याचं सांगितलं तशी ती घाईनं म्हणाली, "वैनीला म्हनावं, आटवडाभर कळ काडा. शेगडी आनू नगा. म्या येते."

दुसऱ्याच दिवशी ती एसटीतनं उतरली. काखेत पिशवी, पिशवीत चुन्याची फक्की. आईनं पुढं केलेला चहा तिनं घेतला नाही, कारण आमच्याकडंही मीठ सापडलं नव्हतं. तडक मागच्या अंगणात गेली आणि पाया आखतात तसं अख्खं स्वयंपाकघर जमिनीवर आखलं. इथं ओटा, इथं खिडकी, इथं दार. फ्रिजच्या जागी पत्र्याची कोठी, बेसिनच्या जागी पाण्याचं पिंप. गल्लीतल्या पोरांना वाटलं कबड्डीचं मैदान आखलंय, ती चड्ड्या सावरत हजर.

मग तिचा हुकूम सुटला. "आता हितं सैपाक करा."

"इथं? अंगणात?" मेघना म्हणाली.

"मग कुठं, कागदावर? कागदावर कुणाला चटका बसत न्हाई पोरी. देखणं मागनं. आदी हाताला गावलं पायजे."

अहो, खरोखर स्वयंपाक झाला! आखलेल्या जागी पाट-टेबलं रचून ओटे केले, त्यावर शेगड्या ठेवल्या, आणि गल्ली सगळी कंपाउंडवर ओठंगून बघतेय. आई सवयीनं तुळशीकडून सरळ आली तर आत्या ओरडली, "वैनी, भित्तीतनं आलात!" आई बिचारी मागं फिरून चुन्याच्या दारातून आली. मी चहा मागायला गेलो तर मलाही दारातून यायला लावलं. स्वरा दर दोन मिनिटांनी पाणी प्यायला मधून पळायची. आत्यानं लगेच पिंपाशेजारी, दारालगत, पोरीच्या उंचीला माठाची जागा आखली. "ही आता शेगडीपाशी फिरकायची न्हाई." मेघना उंच, आई ठेंगणी. आत्यानं दोघींचे कोपर आपल्या हातानं मापले आणि दोन उंचीचे ओटे ठरवले, भाकरी थापायचा खाली, खिडकीशी, शेगडीचा वर. मी तोंडाचा आ वासून बघत राहिलो. चाळीस वर्षं ह्या घरात जेवलो, पण आईला ओटा उंच पडतो हे मला कधी दिसलं नव्हतं.

आणि मग ते घडलं. आई परात घेऊन वळली, मेघना कढई घेऊन वळली, आईचा कोपर कढईला लागला आणि तेल सांडलं. कुणाला भाजलं नाही. पण दोघींची तोंडं अशी झाली की कंपाउंडवरची गल्लीसुद्धा गप्प झाली.

मला वाटलं आता आत्या दोघींना झापणार. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती खाली बसली, तळहातानं तिथल्या रेघा पुसल्या आणि पुन्हा आखल्या, वीतभर लांब. मग दोघींना परत वळायला लावलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आखलं. एकीच्या हातात परात आणि दुसरीच्या हातात कढई असताना दोघी एकमेकींना न शिवता गेल्या, तेव्हा कुठं ती उठली. शेवटच्या खेपेला मेघनाला हसू फुटलं आणि आईलाही. सहा महिन्यांत त्या दोघी एका वेळी हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

पुढं बांधकाम झालं, कपाटं करायला सुतार मिस्त्री आला. तो गुणी माणूस, पण त्याला दारांवर गुलाब कोरायचा होता आणि लांब स्टीलची हँडलं लावायची होती. आत्या पालीहून एसटीनं खास भांडायला आली. "पाकळ्यात पीठ बसंल, ते काय तुजी बायकू येऊन काडणार व्हय? अन् ह्या दांडक्यात पदर अडकून म्हातारी पडली म्हंजी?" मिस्त्री म्हणाला, मावशी, आजकाल हेच चालतं. "चालतंय तर चालू दे. हितं थांबवायचं," आत्या म्हणाली. गुलाब गेला, दांडकी गेली. चौकट, सपाट फळी आणि लाकडी बोंड्या आल्या. रंग मेघनाच्या पसंतीचा, फिकट हिरवा. कोवळ्या चवळीच्या शेंगेचा रंग, आत्या म्हणाली. मधोमध मोठं टेबल, म्हणजे भाजी निवडणारी आणि अभ्यास करणारी दोघी एका ठिकाणी, आणि काम करताना कुणाचीच पाठ घराकडं नाही.

खुंट्यांच्या पट्टीवर आईनं पहिल्यांदा आपली पिठाची चाळण टांगली, आणि तिच्या शेजारच्या खुंटीला मेघनाचा ॲप्रन. मी जीव मुठीत धरून विचारलं, "आई, ती मागच्या खोलीतली शेगडी?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "कसली शेगडी? ह्यो डबा वर ठेव आदी."

नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं असतं. सगळं मांडून झालं, पुरण शिजलं, आणि आई आत्याला म्हणाली, "वन्सं, तुमी घाला. तुमच्याच हातचं हाय हे."

आत्या मागं सरली. "माज्या हातानं नगं."

"असं काय करता?"

"नगं म्हनते न्हवं!" एवढ्या जोरात बोलली की स्वरा दचकली. मग ती टेबलाशी बसली आणि दोन्ही हात पदरात लपवले. "वैनी, ज्या हातानं चूल मोडली, त्या हातानं दूध उतू घालू व्हय?"

आम्हाला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तिच्या धाकट्या जावेचं नाव हौसाबाई. दोघी सोबतच्या, एका चुलीवर रांधायच्या, एका ताटात जेवायच्या. जागा अरुंद. एका सणाला हौसाबाईचा धक्का लागला आणि पुरणाच्या डाळीचं उकळतं कढण आत्याच्या हातावर सांडलं. "भांडान बी न्हवतं. नुसता धक्का. पर मला त्या वक्ताला वाटलं, हिनं मुद्दाम केलं. म्या यांना म्हनलं, माजी चूल येगळी करा. त्यांनी मदी भित घातली." ती थांबली. "आता तिचं मालक न्हाईत, माजं न्हाईत. पोरं तिची पुण्याला. भितीच्या हिकडं म्या येकटीची भाकर करते, तिकडं ती येकटीची. तिच्या कुकरची शिट्टी झाली की मला कळतं, आता ती जेवाय बसंल. मग म्या बी बसते."

 मेघनानं आत्याचे हात पदरातून बाहेर काढले आणि पातेल्याच्या चिमट्यावर ठेवले. वर आईनं आपला हात ठेवला. दूध तिघींनी मिळून उतू घातलं. मला तर रडू आवरेना, मी आपला धूर लागला म्हणून बाहेर गेलो. गॅसच्या शेगडीला कसला आलाय धूर!

दुपारी मी तिला गाडीनं पालीला सोडायला निघालो. आईनं पुरणपोळ्यांचा डबा दिला. चांगला जड होता. "दोघींना पुरंल," एवढंच म्हणाली. वाटेतलं मार्गासनी गाव मागं पडलं, राजगड दिसायला लागला. आत्या डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती.

घरापुढं उतरल्यावर ती आपल्या दाराकडं गेली नाही. भिंतीच्या पलीकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कंत्राटदाराच्या वास्तुशांतीत ताटावरून उठणारी, मिस्त्रीला गप्प करणारी माझी आत्या त्या दारापुढं नुसती उभी होती. हात वर करायची, खाली घ्यायची.

"संज्या," ती हळूच म्हणाली, "काय म्हनू रं?"

"विचार, जेवलीस का," मी म्हणालो.

तिनं दार वाजवलं. "हौसे... जेवलीस का गं?"

आत भांड्याचा आवाज थांबला.  मग अगदी दाराशी आवाज आला.

"न्हाई अजून. अक्का, तूच हायस व्हय?"

"म्याच. पोळ्या आनल्यात," आत्या म्हणाली.  "येकच ताट काड."