चूक कोणाची ते पटवा

नववीच्या बाई निबंध द्यायच्या म्हणजे फळ्यावर सहा मुद्दे द्यायच्या, वर पहिलं आणि शेवटचं वाक्यही. मुलांनी मधल्या फटी तेवढ्या बुजवायच्या. त्यामुळे ‘माझा कुत्रा’ लिहायला सांगितला तेव्हा वर्गातले सगळेच्या सगळे कुत्रे पांढरे, इमानी आणि बोलक्या डोळ्यांचे निघाले. ज्यांच्या घरी साधं झुरळही टिकत नव्हतं, त्यांचेसुद्धा!

वार्षिक अंकासाठी एक निबंध निवडायला बसलेले मुख्याध्यापक भडकले.

“बाई, ही सरळसरळ कॉपी आहे!”

“कॉपी नाही सर, मुद्द्यांना धरून लिहिलंय सगळ्यांनी.”

“मग छापू कोणाचा? चिठ्ठ्या टाकू?”

बाईंना हे चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच होतं: ‘घरात नुकतंच झालेलं भांडण. चूक कोणाची ते वाचणाऱ्याला पटवा.’

“बाई, मुद्दे?” पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाला घाम फुटला.

“मुद्दे घरी निघालेत की. आठव!”

जिला सगळे टकळी म्हणत, त्या मुलीला मात्र हर्षवायू व्हायचा बाकी होता. आजवर तिच्या अखंड बडबडीला शिक्षाच मिळाली होती, मार्क कधीच नाही. तिने बाबांनी स्वतःच्या हातांनी जोडलेलं कपाट घेतलं. त्याचं दार आपोआप उघडायचं. बाबा म्हणायचे, जमीन तिरकी आहे; आई म्हणायची, मग सुतार नको, जमीनच बदलून आणा. टकळीने तीन पुरवण्या मागितल्या. दहापैकी नऊ!

“अंकात हाच जाणार,” बाई म्हणाल्या, आणि टकळीचे पाय जमिनीला लागेनात.

इथवर सगळं छान होतं. पण पालकसभेच्या दिवशी बाईंनी कौतुकाने सगळे निबंध भिंतीवर लावले. नावांसकट! मार्कांची चौकशी बाजूला राहिली, पालक भिंतीला चिकटले. “काय एकेकाची घरं असतात!” म्हणत टकळीचे बाबा पोट धरून हसत पुढे सरकत होते. कपाटापाशी त्यांचं हसू जागच्या जागी आटलं.

“टकळे! घरची अब्रू भिंतीवर टांगलीस?”

“बाबा, नऊ मिळालेत!”

“आणि चूक माझी?”

“वाचणाऱ्याला पटवायचं होतं.”

“मला तर पूर्ण पटलं हो,” शेजारी वाचत उभ्या असलेल्या एक काकू म्हणाल्या.

झालं! चिडलेल्या पालकांनी मुख्याध्यापकांना गराडा घातला.

“असले निबंध अंकात छापायचे नाहीत!”

“तक्रार लेखी द्या,” मुख्याध्यापक म्हणाले.

“नमुना आहे का?”

“नमुना कसला! काय झालं आणि चूक कोणाची, एवढं लिहा.”

पालक बाकांवर गुडघे कोंबून बसले. बाबांनी पुरवणी मागितली. मग आणखी एक.

सोमवारी मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. “तुझा निबंध अंकात जात नाहीये, बाळ.”

“तक्रारींमुळे ना, सर?”

“एकाच तक्रारीमुळे. इतकी झकास उतरलीये! जागा एकाचीच होती, मग तीच घेतली.”

संध्याकाळी बाबा नवा शर्ट घालून कपाटाशेजारी उभे होते.

“अहो, पण घरची अब्रू?” आईने विचारलं.

“साहित्यात असं चालतं,” बाबा म्हणाले. “तू फोटो काढ. टकळे, मागून दार दाबून धर!”

अंक निघाला. त्यात टकळीची चार बोटं छापून आली.