मंजूर काच

सूर्यग्रहणात सोलापूरकरांचे डोळे शाबूत राहावेत म्हणून आमच्या पेठेत नेत्ररक्षण समिती स्थापन झाली. अध्यक्ष आबासाहेब. कीर्तनात टाळ धरण्याखेरीज अंगी काही गुण नसल्याने मला सभासद करण्यात आलं. तपासणीचा नियम एकच ठरला: पाहण्याच्या साधनातून दिसले पाहिजे. याला कोण हरकत घेणार? मीही घेतली नाही.

पहिला आला कुंडलिक. गिरणीत तुटलेलं सूत सांधायचं त्याचं काम. नजर अधू झाली की दुसऱ्या दिवशी घरी. पण ग्रहण बघायची हौस दांडगी. म्हणून फुटक्या तावदानाच्या तुकड्यावर कंदिलाची दाट काजळी धरून त्यानं तपासणीला आणली होती. आबासाहेबांनी ती डोळ्याला लावून भिंतीवरची नियमावली वाचून पाहिली आणि शेरा दिला, "काही दिसत नाही. नामंजूर."

"साहेब, काच सूर्याकडं बघायला हाय, भिंतीकडं न्हाय."

"सूर्य समितीच्या कक्षेत येत नाही. भिंत येते."

कुंडलिकानं धोतराच्या सोग्यानं काजळी थोडी पुसली. नियमावलीचं शीर्षक दिसलं. आणखी पुसली, कलमं दिसली. तळची सही वाचता आली तेव्हा काच लख्ख झाली होती. तिच्यावर 'सुरक्षित' असा जांभळा शिक्का बसला. बातमी फुटली, तशी सारी पेठ रांगेतच काचा पुसू लागली. मीही.

ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी कीर्तनात बुवांनी निरूपणात सांगितलं होतं, देवाच्या दारी मान खाली घालणाऱ्यालाच काही सापडतं. मी टाळ जोरात वाजवला आणि अर्थ टाळांसोबत पिशवीत ठेवून दिला.

ग्रहण लागलं. चूल बंद, म्हणून कुंडलिकाच्या बायकोनं, सोजरबाईनं, धान्याची चाळणी धुऊन दारात टांगली होती. कुंडलिक काच डोळ्याला लावणार, तोच ती म्हणाली, "अवो, वर कशाला बघताय? हितं खाली बघा की."

अंगणात चाळणीच्या भोकाभोकातून सूर्य सांडले होते. शेकडो, सगळे चंद्रकोरीसारखे. कुंडलिकानं काच खिशात घातली आणि 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीत सूत सांधत होता. सोजरबाईवर मात्र समितीनं नोटीस काढली: शिक्क्याविना चाळणीतून सूर्य दाखवल्याबद्दल खुलासा करावा. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती, कारण आबासाहेबांना कागदाच्या मधोमध काळा डाग दिसत होता. सभासद या नात्यानं ती मी तपासायला घेतली. डाग होता खरा. भिंतीवरच्या नियमावलीकडे पाहिलं, तर तिथंही होता.

तुम्ही हसा खुशाल. पण त्या रांगेत माझ्या मागे कोण कोण उभं होतं, ते मला पक्कं आठवतं. तेव्हा मला स्वच्छ दिसत होतं.